नवीन झोआ आधी आईच्या खोलीत

गेल्या आठवड्यात निगडीहून एका मुलाचा फोन आला. दीड वर्षापूर्वी तो आजोबांचं एचएमटी घड्याळ दुरुस्तीला घेऊन माझ्या दुकानात आला होता. काउंटरच्या काचेखाली माझ्या टँकचा फोटो आहे. त्यावरून गप्पा सुरू झाल्या आणि सहा महिन्यांत त्याने स्वतःचा मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरलचा (प्रवाळाचा) टँक लावला. या फोनवर मात्र आवाज अगदी रडवेला होता. "काका, नवीन फ्रॅगमधले झोआ उघडतच नाहीयेत. आता शेजारची जुनी कॉलनीपण मिटायला लागलीय. पण मी डिप केला होता हो. बाटलीवर लिहिलंय तसाच, मोबाइलवर टायमर लावून."

झोआ म्हणजे झुपक्याने वाढणारं, छोट्या फुलांसारखं दिसणारं कोरल. एकेक फूल म्हणजे पॉलिप, झुपका म्हणजे कॉलनी. कॉलनीचा कापून दिलेला तुकडा म्हणजे फ्रॅग, तो ज्या छोट्या बैठकीवर चिकटवलेला असतो ती प्लग, आणि टँकमध्ये ठेवण्याआधी कीड काढायला त्याला औषधाच्या पाण्यात बुडवणं म्हणजे डिप.

मी विचारलं, "प्लग काढला होतास?"

"नाही. तो कशाला काढायचा?"

त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं ते एकदा नीट लिहून ठेवतो. हे मला २०१९ मध्ये कुणी सांगितलं असतं तर माझी तळहाताएवढी कॉलनी आज जिवंत असती.

आधी माझ्या टँकबद्दल थोडं. सहकारनगरच्या घरात हॉलमध्ये २०० लिटरचा टँक आहे, २०१६ पासून. त्यात दोन क्लाउनफिश, तेही तेव्हापासूनचेच, आणि सॉफ्ट कोरल: झोआ, मश्रूम, एक लेदर. स्टोनी कोरल मी ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. रीफ बांधणारे सगळे कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. "गुपचूप आणून देतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. झोआ आणि मश्रूम एवढ्यावरच आयुष्यभर बघत बसावं इतके रंग आहेत.

तर २०१९ चा पावसाळा. एका मित्राने त्याच्या टँकमधला झोआंचा फ्रॅग दिला. ओळखीच्या घरातला म्हणून मी डिपसुद्धा न करता थेट माझ्या कॉलनीशेजारी ठेवला. माझ्या कॉलनीचे झोआ हिरव्या घेराचे, मध्ये नारिंगी. पाच पॉलिपांपासून तीन वर्षं वाढवलेले. आठ-दहा दिवसांनी एका कडेचे पॉलिप उघडेनात. मी पाण्याला दोष दिला. अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट, सगळं मोजलं. पावसाळ्यात खडकवासल्यात नवं पाणी आलं की आमच्या नळाला गढूळपणा येतो, म्हणून आरओचे फिल्टर बदलले. पाणी बदललं. लाइट कमी केला. रोज आणखी चार पॉलिप मिटलेले.

शेवटी एका रात्री दुकानातलं भिंग घरी आणलं. घड्याळजी डोळ्याच्या खोबणीत बसवतात ते, १० पट दाखवणारं. हॉलमधले दिवे घालवले, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला आणि काचेला नाक चिकटवून बसलो. रात्रीचे साडेअकरा. मिटलेल्या एका पॉलिपच्या देठाला बारीक झुपका दिसला. रंग तोच हिरवा, टोकांना तोच नारिंगी. मला तो पॉलिपचाच फाटलेला भाग वाटला. मग झुपका पुढे सरकला. त्याला तोंडाकडे दोन शिंगं होती.

ती नूडी. नूडीब्रँक म्हणजे बिनकवचाची समुद्री गोगलगाय. तिच्या हजारो जाती आहेत आणि बहुतेकींचं खाणं ठरलेलं असतं. ही जात झोआ खाते. खाल्लेल्या झोआचा रंग आणि त्याच्या पेशींत राहणारी शेवाळं ती स्वतःच्या पाठीवरच्या बोटांत साठवते, म्हणून ज्या झोआवर बसते त्याच रंगाची दिसते. हिरवा झोआ खाणारी हिरवी, गुलाबी खाणारी गुलाबी. दिवसा ती देठांच्या फटीत आणि प्लगखाली दडते. पाचसहा मिलिमीटरची असते आणि तुम्ही लाइट लावून समोर उभे असता तेव्हा ती कधीच दिसत नाही.

त्या रात्री चिमट्याने ११ काढल्या. दुसऱ्या रात्री ६. तिसऱ्या रात्री एकही नव्हती आणि मला वाटलं संपलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ९. आल्या कुठून हे तेव्हा कळलं नाही. आणखी तीन आठवड्यांत रॉक उघडा पडला. शेवटचे चार पॉलिप मी वेगळे काढून वाचवायचा प्रयत्न केला, तेही राहिले नाहीत. दोन महिने मी हॉलमध्ये टँककडे पाठ करून बसत होतो.

त्या आल्या अंड्यांतून. नूडीची अंडी एकदा बघितली की विसरायला होत नाही, पण आधी बघता आली पाहिजेत. पांढुरकं, चार-पाच मिलिमीटरचं वेटोळं असतं. मला तरी ते घड्याळातल्या हेअरस्प्रिंगसारखं दिसतं: सपाट, एकाच केंद्राभोवती फिरत गेलेलं, आणि भिंगातून बघितलं तर त्या दोरीत रव्याच्या कणांसारखे ठिपके. हे वेटोळं देठाच्या बुडाशी असतं, नाहीतर प्लगच्या कडेच्या आतल्या बाजूला, जिथे बोटसुद्धा जात नाही.

आणि डिप अंड्यांना मारत नाही. एवढंच मला सांगायचंय, बाकी सगळं त्यातून निघतं. बाजारात मिळणारे डिप चालत्याफिरत्या किडीला गुंगी आणतात, पकड सुटते, ती खाली पडते. त्यांचं काम ते चांगलं करतात. पण अंड्यांभोवतीच्या चिकट वेष्टनातून औषध दहा मिनिटांत आत पोचत नाही. तुम्ही डिप करून, धुऊन, समाधानाने फ्रॅग टँकमध्ये ठेवता आणि आठवडाभराने अंडी फुटतात. निगडीच्या मुलाचं हेच झालं असणार. त्याने मोठ्या नूडी मारल्या आणि पिल्लं घरात नेली.

म्हणून मी प्लग ठेवतच नाही. फ्रॅग आला की त्याच दिवशी जुना प्लग किंवा रॉकचा तुकडा काढून टाकतो, देठांची बुडं भिंगातून तपासतो, वेटोळं दिसलं तर चिमट्याने अख्खं खरवडून काढतो आणि झोआ नव्या, कोऱ्या प्लगवर चिकटवतो. गोंद फेविक्विकच्याच जातीचा, सायनोॲक्रिलेट, फक्त पातळ न घेता जेल घ्यायचा. प्लग गेला की अंडी, ऐप्टेशिया (त्याच्याबद्दल पुढे), हिरव्या फुग्यांचं शेवाळ, नळीत राहणाऱ्या व्हर्मेटिड गोगलगायी, यातलं बरंचसं एकदम गेलं. विक्रेत्याचा प्लग कितीही स्वच्छ दिसो.

हे करताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. यात मी कुणालाही सूट देणार नाही. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी ते एक आहे. कापताना झोआ पाण्याची बारीक चिळकांडी उडवतो आणि ती नेमकी डोळ्याच्या दिशेने येते. मी कापायचं काम टबात, पाण्याखालीच करतो. आणि झोआ लागलेला रॉक कधीही, कधीही उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, वाफेचं मशीन मारायचं नाही. परदेशांत अशा वाफेने घरातली सगळी माणसं एकदम दवाखान्यात गेल्याच्या नोंदी आहेत. त्यात लहान मुलंही होती. आमच्याकडे हे काम बाल्कनीत होतं, स्वयंपाकघरात नाही, आणि त्यासाठीची भांडी, ब्रश, चिमटे वेगळ्या बादलीत असतात. त्या बादलीला घरातलं कुणी हात लावत नाही.

डिपसाठी तुळशीबागेतून आणलेले तीन पांढरे टब आहेत. पांढरेच हवेत, म्हणजे खाली काय पडलं ते दिसतं. पहिल्यात औषध, पुढच्या दोन टबांत टँकचंच खारं पाणी, धुवायला. फ्रॅग चिमट्यात धरून हलवायचा आणि ६० मिलिलिटरच्या सिरिंजने पॉलिपांच्या मधून पाण्याचे जोरदार फटके मारायचे. वेळ आणि प्रमाण बाटलीवरचं. "थोडं जास्त टाकू" हा मोह नको. तळाशी जे पडतं ते फेकण्याआधी भिंगाखाली बघतो. बहुतेक वेळा बिचारे ॲम्फिपॉड असतात, कोळंबीच्या पिल्लासारखे, निरुपद्रवी. कधी गंजाच्या रंगाचे, शेपटीला खाच असलेले चपटे कृमी. एकदा चौकडीची काळीपांढरी गोगलगाय निघाली, इतकी सुंदर की मुलगी म्हणाली ठेवू या. ती सनडायल. दिवसा झोआंच्या देठांत झोपते आणि रात्री त्यांना सोंडेने शोषते. डिपच्या वेळी कवचाचं दार बंद करून ती सहज बचावते, त्यामुळे तिला डोळ्यांनीच शोधावं लागतं. डिपचं पाणी परत कुठल्याही टँकमध्ये नाही. बॅगेतलं पाणीही नाही.

सगळ्यांना एकच डिप सोसत नाही हेही लक्षात ठेवा. आरओच्या गोड्या पाण्यातली छोटी बुडी झोआ सहन करतात, झीनिया या दुसऱ्या सॉफ्ट कोरलला ती दिली तर संपली. आयोडीन मी कापलेल्या जखमांसाठी वापरतो, किडीसाठी नाही.

ऐप्टेशिया दिसला, म्हणजे तपकिरी, काचेसारखं पारदर्शक छोटं ॲनिमोन, तर नखाने उपटू नका. त्याच्या बुडाचा कणभर तुकडा राहिला तरी त्यातून नवा उगवतो. प्लगसकट टाकून द्यायचा. प्लग टाकता येत नसेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडात. म्हणजे चुनाच, पण शुद्ध, प्रयोगशाळेच्या प्रतीचा. पानाच्या डबीतला नको.

आता माशांच्या रोगाचं. कोरल आणताना आपण फक्त कोरलच्या किडीचा विचार करतो. पण माशांना होणारा इक, पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, हाही कोरलबरोबर घरात येतो. तो कोरलला होत नाही. माशाच्या अंगावरून सुटलेला जंतू कुठल्याही कडक पृष्ठभागावर, प्लगवर, गोगलगायीच्या शंखावर, कवच करून बसतो. ते कवच डिपला दाद देत नाही. पुढे त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि मासा शोधतात. मासा मिळाला नाही तर मरतात. प्रयोगांत काही कवचांतून ७२ व्या दिवशीही जंतू बाहेर आले आहेत. त्यावरून छंदातल्या लोकांमध्ये ७६ दिवसांचा आकडा रूढ झाला. माझे क्लाउनफिश इतकी वर्षं माझ्याबरोबर आहेत. त्यांच्यासाठी मी ७६ दिवस धरतो. नवीन कोरल, नवीन शंख, नवीन रॉक, सगळं ७६ दिवस मासा नसलेल्या टँकमध्ये. ज्याच्या टँकमध्ये मासे नाहीत, त्याला किडीसाठी सहा आठवडे आणि दर आठवड्याला डिप, एवढं पुरतं असा माझा अनुभव आहे.

आता हा वेगळा टँक ठेवायचा कुठे? आमचं घर दोन खोल्या आणि हॉल. पहिल्यांदा मी तो मोठ्या टँकशेजारीच ठेवला होता. मग व्हेल्व्हेटबद्दल वाचलं. तो माशांचा इकपेक्षाही वाईट आजार आहे, आणि त्याचे जंतू पंप किंवा एअरस्टोनमुळे उडणाऱ्या तुषारांबरोबर हवेतून ३ मीटरपर्यंत जाऊ शकतात असं प्रयोगात दिसलंय. मी मेजरिंग टेप घेऊन घरभर फिरलो. हॉलमध्ये ३ मीटर कुठेच निघेनात. आमच्या खोलीत कपाट. राहिली आईची खोली.

आई ७९ वर्षांची आहे. विचारायला गेलो तेव्हा ती बाल्कनीत नव्या जास्वंदीची कुंडी रिकामी करत होती. आईच्या सात जास्वंदी आहेत. नर्सरीतून नवीन रोप आलं की ती ते बाकीच्यांत कधीच ठेवत नाही. न्हाणीघराच्या खिडकीत तीन आठवडे एकटं. पिठ्या ढेकूण एकदा जास्वंदीत शिरला की सगळ्या जातात, हे तिने एकदा भोगलंय. जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून प्रत्येक पेर घासते. आणि कुंडीतली माती बदलतेच. मी लहानपणापासून हे बघत आलो होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "आई, पानं पुसलीस ना, मग माती का टाकतेस?"

"पिल्लं मातीत असतात," आई म्हणाली. "पानं पुसून काय होतंय?"

मी प्लगबद्दल तिला सांगितलं. तिने टँकसाठी तिच्या औषधांचं टेबल रिकामं करून दिलं.

४० लिटरचा साधा काचेचा टँक. तळाला वाळू नाही, म्हणजे खाली काही पडलं तर दिसतं. स्पंज फिल्टर, तो आधी महिनाभर मोठ्या टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या पेटीत) ठेवून त्यात बॅक्टेरिया बसवलेले. छोटा हीटर, छोटा वेव्हमेकर, मंद लाइट. प्लग ठेवायला ट्यूबलाइटच्या फिटिंगला असते तसल्या पांढऱ्या प्लास्टिक जाळीचा तुकडा. पाणी मोठ्या टँकमधलंच, खारेपणा १.०२५. याचा चिमटा, याची नळी, याचा टॉवेल वेगळा. यात तांब्याचं औषध कधीही पडलेलं नसावं. माशांच्या इकवर तांबं देतात, पण ते सिलिकॉनमध्ये आणि दगडात मुरतं आणि नंतर कोरल आणि शंखांना मारतं. कुणाचा जुना, माशांच्या औषधपाण्याला वापरलेला टँक फुकट मिळाला तरी कोरलसाठी घेऊ नका.

लहान टँकचा खरा त्रास पाण्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत पंखा चालू असला की दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, मीठ राहतं. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. काचेवर मी निळी टेप लावून दिली आहे आणि सकाळी चहाच्या आधी आई टेपपर्यंत पाणी भरते. गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीचा वार, लाइट जाणार हे धरूनच चालायचं. त्यासाठी बुधवार पेठेतून बॅटरीवर चालणारा एअरपंप आणून ठेवलाय.

आणि पहिल्याच वेळी त्या खोलीने काम केलं. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून तीन फ्रॅग आणले होते. डेक्कन क्वीनमध्ये थर्माकोलचं खोकं पुण्यापर्यंत मांडीवर. घरी पोचेस्तोवर रात्र झाली. दोन फ्रॅगचे प्लग काढले. तिसऱ्यात झोआ प्लगच्या कडेवरून खाली उतरून पार बुडापर्यंत वाढले होते, ते कापताना अर्धे मेले असते, म्हणून तो प्लग तसाच ठेवला. डिप नीट केला होता. तळाला काही पडलं नव्हतं. पुन्हा डिप करायचं मनात होतं, पण दुकानात दिवाळीची गर्दी होती, राहून गेलं.

एकोणिसाव्या रात्री पावणेतीनला आईने मला हलवून उठवलं. "अरे, ऊठ. तुझ्या त्या टँकमध्ये काहीतरी चालतंय."

आईला रात्री झोप कमी. तिला मी लाल कागदाचा टॉर्च देऊन ठेवला होता, पण ती रोज बघते हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं टेबलासमोर वाकलो. मला काहीच दिसेना. ती म्हणाली, "डावीकडच्या फुलाच्या खाली. कापसाच्या वातीएवढं." भिंग लावलं. प्लगच्या कडेवर चार मिलिमीटरची नूडी, टोकं जांभळी, अगदी वरच्या झोआसारखी. खाली प्लगच्या वळणात दोन वेटोळी. एक भरलेलं. दुसरं रिकामं, नुसतं साल.

रात्रीच प्लग तोडला. सात पॉलिप गेले, नऊ राहिले. मग दर सहा दिवसांनी डिप, सलग पाच वेळा, आणि दिवस पुन्हा एकपासून मोजले. त्या नऊ पॉलिपांची आता मोठ्या टँकमध्ये वाटीएवढी कॉलनी आहे. हॉलमधल्या कुठल्याही झोआला नूडी शिवली नाही.

सहा दिवस का, तर अंडी फुटून पिल्लं बाहेर आलेली असावीत, पण ती मोठी होऊन नवी अंडी घालायच्या आत डिप बसावा. म्हणून एकच कडक डिप करण्यापेक्षा पाच साधे डिप जास्त उपयोगाचे. झोआ स्पायडर नावाचे बारीक समुद्री कोळीही असतात. त्यांची पिल्लं पॉलिपच्या आत वाढतात, तिथे औषध जात नाही. ती बाहेर येण्याची वाट बघणं एवढंच आपल्या हातात आहे.

निगडीचा मुलगा रविवारी कॉलनी झाकणाच्या बादलीत घालून घेऊन आला. बाल्कनीत बसलो. हातमोजे, चष्मे, तीन टब. भिंग त्याच्याच डोळ्याला लावलं. सवय नसली की भिंग पडतं, दोनदा पडलं. मग तो गप्प झाला आणि प्लग बोटाने हळूहळू फिरवत राहिला. "काका, स्प्रिंग दिसतेय."

चार स्प्रिंगा निघाल्या, दोन नूडी, आणि एक ऐप्टेशिया जो त्याला इतके दिवस कोरलचं पिल्लू वाटत होता. सगळं खरवडलं, नव्या प्लगवर चिकटवलं. त्याने विचारलं, "हे तुमच्याकडे ठेवून जाऊ का? आजींच्या खोलीत?" नाही म्हणताना वाईट वाटलं. आईच्या टँकमध्ये सध्या चार मश्रूम आहेत, त्यांचा तेहतिसावा दिवस होता. मध्येच काहीही नवीन आलं की सगळ्यांचाच पहिला दिवस. त्याला माळ्यावरचा २० लिटरचा टँक दिला, मोठ्या टँकच्या संपमधला भिजलेला स्पंज दिला आणि भिंगही. दुकानात माझ्याकडे आणखी आहेत. त्याच्या मोठ्या टँकमधले बाकीचे झोआ त्याला दर सहा दिवसांनी बाहेर काढून तपासावे लागणार आहेत. नूडी खाणारा एखादा रॅस मासा ठेवता येईल, पण मासा प्लगखालची अंडी काढत नाही.

निघताना आईने त्याला कालनिर्णय दाखवलं. तिच्या पलंगाशेजारी टांगलेलं आहे. दुधाच्या नोंदीखाली पेन्सिलने टँकचे दिवस लिहिलेले, डिपच्या दिवशी गोल. "लिहीत जा रे," ती म्हणाली, "मी लिहिलं नाही तर मलाही राहत नाही लक्षात."

आज सकाळी त्याचा फोटो आला. त्याच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, रविवारच्या चौकोनात पेन्सिलने १, त्याला गोल. पुढे २, ३, ४. खाली लिहिलं होतं, "रात्री दोनला मोठ्या टँकमध्ये अजून एक सापडली. हिरवी."